कझानला येण्याआधी

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

जूनमध्ये येताय, तर रशियातल्या या कझानबद्दल थोडं आधीच लिहिते. गाईड चर्च आणि मशिदी भराभर दाखवून मोकळे होतात. बाबा, गडावर गेलं की आधी पाण्याची टाकी शोधायची तुमची सवय इथे फार उपयोगी पडेल, कारण या शहराचा इतिहास पाण्यावरून लागतो.

क्रेमलिन म्हणजे इथला किल्ला, त्याच्यासमोर दिसणारं अफाट पाणी धरणाचं आहे. 1950 च्या दशकात खालच्या अंगाला व्होल्गा अडवली आणि फुगवटा कझांका नदीत चढला. त्याआधी व्होल्गेचं मुख्य पात्र शहरापासून काही किलोमीटर लांब होतं. किल्ल्याजवळ पाण्यात पिरॅमिडसारखं एक चर्च दिसेल. 1552 च्या वेढ्यात मेलेल्या रशियन सैनिकांचं हे 1823 सालचं स्मारक कुरणात बांधलेलं होतं, पाणी नंतर आलं.

तो वेढाही पाण्यावरच फिरला. किल्ला तेव्हा तातारांच्या, म्हणजे इथल्या तुर्की भाषिक मुसलमानांच्या, खानांचा. आतली माणसं भुयारातून कझांकेकाठच्या झऱ्यावर जात. झार इव्हान चौथ्याच्या लोकांनी त्या भुयाराखाली सुरुंग खणला, दारू ठासली आणि वाट उडवली. पुढे तटाखालीही तेच केलं. ऑक्टोबरात शहर पडलं.

तयारी आदल्या वर्षीची. उग्लिचच्या बाजूला जंगलात अख्खा लाकडी किल्ला उभारला, ओंडक्यांवर खुणा केल्या, सुटा केला आणि व्होल्गेतून खाली आणला. कझानच्या वर, स्वियाझ्स्कच्या टेकडीवर तो चार आठवड्यांत पुन्हा उभा राहिला. आणलेलं लाकूड निम्म्या टेकडीलाच पुरलं, बाकीचं तिथेच तोडावं लागलं. स्वियाझ्स्क आज बेट आहे, तेही धरणामुळेच. उन्हाळ्यात कझानच्या बंदरावरून बोट जाते. भरावावरून रस्ताही आहे, पण बोटीनेच जाऊ.

क्रेमलिनमध्ये सात टप्प्यांचा, 58 मीटर उंच, कललेला स्युयुम्बिके बुरूज आहे. तातारांची राणी स्युयुम्बिके हिने त्यावरून उडी घेतली, असं सांगतील. खरं म्हणजे तिला 1551 मध्येच मॉस्कोला नेलं होतं, आणि बुरूज बहुधा तिच्या बराच नंतरचा. शेजारची निळ्या घुमटाची कुल शरीफ मशीद 2005 ची. वेढ्यात मारल्या गेलेल्या इमामाचं नाव तिला दिलंय. आई, मशिदीत डोकं झाकावं लागतं, चर्चमध्येही. ओढणी जवळ ठेव.

मला विचाराल तर निवांत वेळ जुन्या तातार वस्तीला द्यावा. पराभवानंतर तातारांना किल्ल्याबाहेर काढलं, ते बुलाक कालव्याच्या पलीकडे, काबान तलावाकाठी वसले. दोनशे वर्षं दगडी मशिदीला परवानगी नव्हती. 1767 मध्ये सम्राज्ञी कॅथरीन आली, तिने ती दिली, आणि 1770 पर्यंत मर्जानी मशीद झाली. भिंतींवरची नक्षी त्या काळच्या रशियन वाड्यांसारखी, मिनार मात्र छपराच्या मधोमध. नमाजाची जागा वरच्या मजल्यावर.

आई, चकचक हा इथला तळलेल्या तुकड्यांचा, मधाच्या पाकातला गोड पदार्थ तू घरीही करशील. 3 अंडी, चिमूटभर मीठ, मावेल तेवढा मैदा, साधारण 300 ग्रॅम. मऊ मळून झाकून ठेवायचं, लाटून बारीक पट्ट्या कापायच्या, पट्ट्यांचे हरभऱ्याएवढे तुकडे करून मंद आचेवर तळायचे. तेल कडक तापलं तर बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतात. 200 ग्रॅम मध, 100 ग्रॅम साखर एकत्र उकळायची. थेंब गार पाण्यात टाकून बघ: विरघळला तर पाक कच्चा, ढीग ओघळणार. जास्त शिजला तर दात हलतील. तळलेले तुकडे पाकात घोळवून गार पाण्याच्या हातांनी लगेच ढीग रचायचा. सोबत दुधाचा चहा. तातार लोक चहात दूध घालतात, तेव्हा तुझी सोय झाली!

खायला बाबांना किस्तिबी, म्हणजे दुमडलेल्या पोळीत कुस्करलेला बटाटा. एचपोचमाक या तिकोनी भरल्या पावात मांस असतं. काझीलिक हे सॉसेज घोड्याच्या मांसाचं, ते कुणी दिलं तरी नको म्हणा.

पेरण्या आटोपल्या की साबांतुय हा तातारांचा सण, म्हणजे जूनमध्येच. तारीख दर वर्षी बदलते, कळली की तिकिटं काढू. तिथल्या कुस्तीत पंचासारखा टॉवेल एकमेकांच्या कमरेमागून घालून धरतात आणि उचलून पाठीवर आपटतात. पाय घालायचा नाही, पाय धरायचाही नाही. बाबांना हे पटणार नाही, ढाक मारायचीच नाही तर कुस्ती कसली म्हणतील. जिंकणाऱ्याला मेंढा मिळतो.

तुमची,
लेक