बोट उचलायचं नाही : आमच्या रेडिओलॉजीच्या मॅडमना पत्र

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक आजी आल्या. लेकाच्या मोटारसायकलवर मधे बसवून, मागून सुनेने धरून आणलेल्या. चार दिवसांपूर्वी मोरीत पाय घसरला होता. तक्रार एकच, गुडघा दुखतो. एका दवाखान्यात गुडघ्याचा फोटो काढून झाला होता, झीज दिसली, गोळ्या मिळाल्या. काठी टेकत दहाएक पावलं त्यांनी मला चालूनही दाखवलं.

मी त्यांना टेबलावर झोपवलं आणि पाऊल धरून पाय अलगद आत-बाहेर वळवला. आजींचा हात गुडघ्याकडे गेलाच नाही, थेट जांघेत गेला. खुब्यालाही आणि गुडघ्यालाही फांद्या देणारी ऑबच्युरेटर नर्व्ह एकच, म्हणून खुबा मोडलेला माणूस गुडघा दाखवतो, हे तुम्ही आम्हाला सांगितलं होतं. गुडघा दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी सोडायचं नाही, हेही.

मॅडम, तेव्हा आमचं रेडिओलॉजीचं पोस्टिंग दोन आठवड्यांचं होतं. परीक्षेत त्याला वेगळा पेपर नाही, म्हणून बॅचमधले बरेच जण तेवढे दिवस लायब्ररीत काढायचे. आम्ही सहा जण यायचो. पहिले चार दिवस तुम्ही आम्हाला एकही मोडलेलं हाड दाखवलं नाहीत. खाकी पाकिटांतून काढून नुसते चांगले खुबे लावत राहिलात, विशीतल्या मुलाचा, चाळिशीतल्या बाईचा, सत्तरीतल्या आजोबांचा. मला तेव्हा कंटाळा आला होता, हे आज कबूल करते.

मग म्हणालात, "बोट ठेव. प्युबिक रॅमसच्या, म्हणजे जांघेतल्या पुढच्या हाडाच्या, खालच्या कडेवर. आता मांडीच्या हाडाच्या मानेच्या आतल्या कडेपर्यंत ने. बोट उचलायचं नाही." बोट कमानीवरून सरळ घरंगळत गेलं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या शेंटनच्या नावाची ही रेघ आम्ही पुस्तकात वाचलेली होती, पण हाताला तेव्हा कळली. पाचव्या दिवशी, काही न सांगता, तुम्ही एक वेगळं पाकीट उघडलंत आणि माझं बोट मधेच पायरीवर अडखळलं. ती पायरी अजून माझ्या बोटात आहे.

एक्स-रे रूममधल्या काकांकडे तुम्ही आम्हाला मुद्दाम पाठवलंत, त्याबद्दल वेगळे आभार. पाय बाहेर वळलेला ठेवून फोटो काढला की फीमरची, म्हणजे मांडीच्या हाडाची, मान आखूड दिसते आणि तिच्यातली चीर झाकली जाते. पाऊल पंधरा-वीस अंश आत वळवलं की मान पूर्ण लांबीची दिसते. काका पेशंटला म्हणायचे, "अंगठ्याला अंगठा लावा आजोबा." पण पाय आखूड होऊन आधीच बाहेर वळून पडलेला असेल तर हात लावायचा नाही, आहे तसाच फोटो घ्यायचा. आणि फोटो नेहमी दोन्ही खुब्यांचा घ्यायचा, म्हणजे चांगली बाजू शेजारीच मिळते. लेस्सर ट्रोकँटर, म्हणजे मानेखालचा आतला छोटा उंचवटा, मोठा दिसला तर पाय नीट वळला नव्हता, हे फिल्म बघून ओळखायला मला काकांनीच शिकवलं.

तर आजींचा फोटो. शेंटनची रेघ जवळजवळ अखंड होती. बोट अडखळलं नाही. इथे मी "नॉर्मल" लिहिलं असतं, आणि तसं लिहिणं कुणाला चूकही वाटलं नसतं. पण तुम्ही दाखवलेली ती शेवटची फिल्म डोळ्यांपुढे होती. फ्रॅक्चर म्हणजे काळी रेघ, अशी आमची सगळ्यांची पक्की समजूत. हाड हाडात रुतून बसलं की रेघ काळी नाही, पांढरी दिसते, हे तुम्ही त्या फिल्मवर पेन्सिल टेकवून दाखवलं होतंत. आजींच्या फीमरच्या मानेवर, बॉलच्या म्हणजे हाडाच्या वरच्या गोल डोक्याच्या अगदी खाली, तसा फिकट पांढरा पट्टा होता. बॉलमधल्या बारीक रेषा दुसऱ्या बाजूच्या मानाने जास्त उभ्या झाल्या होत्या. या मानेच्या फ्रॅक्चरचे गार्डन या सर्जननी १९६१ मध्ये जे चार प्रकार केले, त्यांतला हा पहिला. या प्रकारात माणूस चालतही येऊ शकतो.

त्या बारीक रेषांवर तुम्ही पूर्ण एक दुपार घालवली होतीत. वजन पेलणाऱ्या रेषा, ताण धरणाऱ्या रेषा, मधला रिकामा त्रिकोण. वयानुसार त्या कोणत्या क्रमाने विरतात, हे १९७० मध्ये सिंग, नागरथ आणि मैनी या आपल्याच डॉक्टरांनी सहा पायऱ्यांत मांडलं, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. मला तो अभिमान आवडला होता.

पट्टा दिसला तरी माझी खात्री नव्हती. त्याचंही उत्तर तुम्ही देऊन ठेवलं होतं : संशय आहे आणि फोटो गप्प आहे, तर एमआरआय, तो २४ तासांत मिळत नसेल तर सीटी. आमच्याकडे दोन्ही नाही. आजींना पुन्हा मोटारसायकलवर बसू दिलं नाही. लेक थोडा चिडला, चालतेय की म्हणाला. मी फोटो खिडकीच्या उजेडात धरून त्याला दोन्ही बाजू दाखवल्या. १०८ ने जिल्हा रुग्णालयात पाठवलं. सीटीत फ्रॅक्चर निघालं. हाड जागेवरच होतं, तीन स्क्रूंत काम झालं. अजून चार दिवस तशाच चालल्या असत्या आणि ते सरकलं असतं, तर बॉलला रक्त नेणाऱ्या नळ्या तुटून बॉलच बदलावा लागला असता.

परवा त्यांची सून कागद दाखवायला आली. आजी वॉकर धरून ओसरीपर्यंत येतात, म्हणाली. येताना शेंगांची पिशवी घेऊन आली होती. मी ती घेतली, पण मनात आलं, ही खरी तुमच्याकडे पोचायला हवी.

तुम्ही निवृत्त झालात, नवा पत्ता मला मिळाला नाही, म्हणून हे उघडं पत्र. आमच्याकडे आता दर महिन्याला इंटर्न येतात. मी त्यांच्यासाठी चांगल्या खुब्यांचे फोटो जमवायला लागले आहे, अठरा झालेत. फिल्म लावायची दिव्याची पेटी, व्ह्यू बॉक्स, नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावरच बोट ठेवायला लावते. पडद्यावर कमानीएवढे डाग पडतात. आमचे टेक्निशियन संध्याकाळी ते पुसतात.

आपली विद्यार्थिनी