बोर्डाच्या वर काय असतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या जहाजांच्या खरेदी-विक्रीवर एक अनुवादित लेख आलाय, त्यात एक वाक्य आहे, 'हा व्यवहार पूर्णपणे बोर्डाच्या वर होता.' मी तीनदा वाचलं, मग ट्यूब पेटली. मुळात 'अबव्ह बोर्ड' असणार! इथं बोर्ड म्हणजे टेबल. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर दिसत राहिले की खालच्या खाली पत्ता बदलता येत नाही, म्हणजे उघड, सरळ, लपवाछपवी नाही.

खरं तर मला हसायचा हक्क नाही. मी पण भाषांतरावरच पोट भरतो, आणि नवखा असताना एका माहितीपत्रकात 'रूम अँड बोर्ड'चं चक्क 'खोली आणि फळा' करून मोकळा झालेलो. तपासणाऱ्या मॅडमनी लाल पेनानं बाजूला एवढंच लिहिलं होतं, 'आणि खडू?'

तेव्हापासून या शब्दाच्या मागे लागलोय. जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे साधी लाकडाची फळी. पूर्वी जेवणाचं टेबल म्हणजे लाकडी घोड्यांवर आडव्या टाकलेल्या फळ्याच, जेवणं झाली की उचलून ठेवायच्या, म्हणून फळीचं टेबल झालं, टेबलाचं त्यावरचं जेवण झालं (म्हणून बोर्डिंगमधे राहणं म्हणजे जेवणासकट राहणं), आणि मग त्याच टेबलाभोवती बसून निर्णय घेणारी माणसंच बोर्ड झाली, बोर्ड ऑफ डायरेक्टर्स वगैरे. कबर्ड पण यातलंच, कप म्हणजे पेले मांडून ठेवायची फळी, दारं नंतर आली.

मला यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटते ती ही की सत्ता नेहमी फर्निचरवर येऊन बसते. चेअरवरून चेअरमन, जज बसतात ते बेंच, बँक हा शब्दसुद्धा इटलीतल्या सराफांच्या बाकावरून आलेला. आणि आपण काय वेगळं करतो? खुर्ची गेली, गादी मिळाली, तख्त पलटलं. त्या तख्ताचाच भाऊबंद तख्ता, फारसीत त्याचा अर्थ फळी, त्यावरून आपला तक्ता. म्हणजे भिंतीवर टांगलेला तक्ता आणि बोर्ड, दोघं मुळात फळीच, कुणी कुणाचं भाषांतर न करता!

आता जहाज. याच लेखात पुढं 'स्टारबोर्ड'चं 'ताऱ्यांकडची बाजू' केलंय, ते मात्र पचलं नाही. यात तारा बिरा काही नाही. जर्मन कुळातल्या भाषांमधे बोर्डचा आणखी एक अर्थ होता, कड, जहाजाची बाजू. ऑन बोर्ड, ओव्हरबोर्ड हे त्यातलं. सुकाणू मागे मधोमध यायच्या आधी दिशा द्यायचं वल्हं जहाजाच्या उजव्या बाजूला असायचं, म्हणून ती स्टिअर करायची बाजू, स्टिअर-बोर्ड, त्याचं घासून घासून स्टारबोर्ड झालं. डाव्या बाजूला लारबोर्ड म्हणायचे, आता वादळात कुणी ओरडलं तर लारबोर्ड की स्टारबोर्ड काय कळणार, कप्पाळ! शेवटी ब्रिटिश नौदलानं 1844 साली हुकूम काढून लारबोर्ड बंद केलं आणि 'पोर्ट' वापरायला लावलं, जहाज धक्क्याला लावायची ती बाजू म्हणून.

तेव्हा दुरुस्ती छापणार असाल तर एवढंच करा, व्यवहार 'उघड आणि सरळ' होता, आणि त्या जहाजाला भोक पडलं होतं ते उजव्या बाजूला.

आपला,
लाल पेनाची धास्ती असलेला एक वाचक