फॉर्मवर नाव न लिहिणाऱ्या तुम्हाला

नमस्कार,

तुमचं नाव आमच्याकडे नाही. फॉर्म निनावी ठेवायचा हे आम्हीच ठरवलं होतं, त्यामुळे आभार मानायचे तर ते असे जाहीरच मानावे लागताहेत.

आम्ही चौघं अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एका गाण्याचा व्हिडिओ करत होतो. शूटिंगआधी प्रेक्षक-पाहणी करायची असते, म्हणून दहा प्रश्नांचा फॉर्म बनवला आणि ओळखीच्या ग्रुपवर टाकला. साठेक उत्तरं आली. जवळपास सगळी आमच्याच वयाच्या, आम्हाला ओळखणाऱ्या मुलामुलींची, आणि सगळ्यांना सगळंच आवडणार होतं. पाय-चार्ट एकाच रंगाचा झाला आणि आम्ही त्यावर खूश होतो.

मग तुमचा फॉर्म आला. वयाच्या रकान्यात '३५च्या पुढे'. तो तुमच्यापर्यंत कुणी पोचवला कोण जाणे, त्यांचेही आभार. 'मनाला भिडणारी कथा असलेला व्हिडिओ तुम्हाला आवडेल का?' याला तुम्हीही 'हो'च म्हणालात. पण 'आणखी काही?' ही शेवटची चौकट, जी बाकीच्यांनी रिकामी सोडली होती, तिथे तुम्ही लिहिलंत: "याला नाही कोण म्हणेल? त्यापेक्षा शेवटचा व्हिडिओ कधी पाहिला ते विचारा. काल रात्री. बाळ मांडीवर झोपलेलं, म्हणून आवाज बंद. फोन एका हातात, उभा धरलेला. बराच वेळ नुसतं आकाश दिसत राहिलं, मग पुढचा लावला."

आमच्या स्टोरीबोर्डची, म्हणजे शॉटच्या क्रमवार चित्रांची, सुरुवात पंधरा सेकंदांच्या रिकाम्या व्हरांड्याने होती.

माणूस आपल्या गरजेप्रमाणे माध्यम निवडतो, हे काट्झ, ब्लमलर आणि गुरेविच या माध्यम-अभ्यासकांचं १९७४ मधलं म्हणणं आम्ही परीक्षेला पाठ केलं होतं. फॉर्ममध्ये मात्र गरजेबद्दल एकही प्रश्न नव्हता, आणि उत्तर तर आम्ही प्रश्नातच भरून ठेवलं होतं. 'प्रेक्षक: वय १५ ते २५' एवढं लिहून आम्ही थांबलो होतो. व्हिडिओ कुठे, कुठल्या वेळी, कशावर पाहिला जातो हे वयाच्या रकान्यातून कळत नाही.

जुना फॉर्म बाजूला ठेवला. नव्यात पाचच प्रश्न: शेवटचा व्हिडिओ कधी, कुठे, कशावर पाहिला, आवाज होता का, कुठे सोडला. तो वर्गाबाहेरच्यांना दिला. कच्चं एडिट सहा जणांना एकेकटं बसवून, आवाज बंद करून दाखवलं. 'आवडलं का' असं कुणालाच विचारलं नाही, फक्त अंगठा स्क्रीनकडे कधी जातो ते टिपत गेलो. दार बंद होण्याचा शॉट आमच्या लेखी ताटातूट होती. एकीला तो कामावर निघालेला माणूस वाटला. प्रेक्षक आपला अर्थ आपणच लावतो हे माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉलने १९७३ मध्येच मांडलंय, पण समोर बसलेल्या बाईंच्या तोंडून ऐकल्यावर ते खरं पटलं. शॉट बदलला.

आता पहिल्याच फ्रेमला गाणारीचा चेहरा आहे. चेहरा आणि हात फ्रेमच्या मधोमध ठेवलेत, म्हणजे उभी आवृत्ती काढताना काही कापलं जात नाही. शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतात, ओठांच्या हालचालीबरोबर.

व्हिडिओ पूर्ण झालाय. बाळ झोपलं की पाहा, आवाज लावायची गरज नाही.

तुमचे मनापासून आभारी,
आम्ही चौघं