बोट नेमकी कुठे धरली?

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची माणसे गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पावसाळ्यातली बंदी उठली की मालकाकडून उचल घ्यायची आणि ओखा, पोरबंदर, नाहीतर वेरावळ गाठायचे. राज्यसभेत आपण गुजरातचेच प्रतिनिधी आहात, तेव्हा ही बंदरे आपल्याला सांगायला नकोत. पण एखादी बोट पाकिस्तानने धरली की बातमीत ‘गुजरातचे मच्छीमार’ एवढेच येते, आणि त्यात आपला माणूस आहे की नाही हे इकडे कळायला दिवसच्या दिवस जातात. मी इथला निवृत्त शिक्षक. कराचीच्या तुरुंगातून आलेले पत्र वाचून दाखवायला लोक मला बोलावतात. पत्रात तब्येत असते, घरच्यांची विचारपूस असते. बोट कुठे धरली, हे कुठल्याच पत्रात नसते. बहुतेक खलाशांना ते ठाऊकही नसते. ते तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला ठाऊक.

आणि सगळे तर तिथेच अडले आहे.

सर क्रीकचा वाद आपण माझ्यापेक्षा शंभरपट जाणता. भारत-पाकिस्तान सरहद्दीवर, कच्छच्या रणातली ही ९६ किलोमीटरची खाडी. कच्छचे राव आणि सिंध यांच्यातल्या भांडणाची सुरुवात खाडीकाठच्या सरपणावरून झाली असे सांगतात. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून १९१४ चा ठराव केला तो मुंबई सरकारने. त्याच ठरावाच्या नकाशातल्या हिरव्या रेषेचा दाखला देऊन पाकिस्तान खाडीचा पूर्व काठ मागतो. आपण म्हणतो, सरहद्द पाण्याच्या मधोमध. १९६८ च्या लवादाने रणाचा निवाडा केला, पण खाडीला हात लावला नाही. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून पाहणी केली, २०१२ मध्ये दिल्लीत बोलणी झाली, आणि २ ऑक्टोबर २०२५ ला संरक्षणमंत्री भुजमध्ये म्हणाले की कराचीची एक वाट या खाडीतून जाते. जमिनीवरचा शेवटचा बिंदू ठरत नाही म्हणून समुद्रातली रेषाही ठरत नाही. ती आज ठरवा असे मी म्हणत नाही. बांगलादेशाबरोबरची सागरी हद्द ठरायला २०१४ उजाडले, तेही लवादापुढे जाऊन.

माझे म्हणणे वेगळे आहे. समुद्रविषयक कायद्याच्या करारनाम्याला भारताने १९९५ मध्ये मान्यता दिली, पाकिस्तानने १९९७ मध्ये. त्याचे ७३ वे कलम सांगते की अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासूनच्या १२ सागरी मैलांपलीकडे २०० मैलांपर्यंतच्या पाण्यात, कुणी परक्याची मासळी मारली तर बोट आणि खलाशी वाजवी जामिनावर लवकर सोडावेत, ज्या देशाची बोट त्याला ताबडतोब कळवावे आणि, उभय देशांनी तसे ठरवले नसेल तर, कैद देऊ नये. दंड करा, तुरुंग नाही. आपला १९८१ चा कायदाही हाच भेद पाळतो: १२ सागरी मैलांच्या आत परदेशी बोटीने मासेमारी केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्याबाहेरच्या आर्थिक क्षेत्रात फक्त दंड.

म्हणजे माणूस तुरुंगात जावा की नाही, हे बोट किनाऱ्यापासून किती मैलांवर होती यावर ठरते. कराचीच्या कोर्टात आरोप असतो तो पाकिस्तानच्या हद्दीत शिरल्याचा. त्या जागेचे अक्षांश-रेखांश आपल्या खात्याने कधी मागितले का? खाडीच्या मुखापाशी तर कुणाचे पाणी कुठवर, हेच दोन्ही देशांना मान्य नाही. मग खलाशाने हद्द मोडली हे कुठल्या नकाशावरून ठरवायचे?

सगळे खलाशी चुकून जातात असे मी म्हणणार नाही. सिंधूच्या मुखाकडे मासळी आहे, बोटींवर जीपीएस आहे, आणि उचल फेडायची घाई मालकालाही असते, तांडेलालाही. पण त्या हिशेबात खलाशाला कुणी विचारत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये समुद्रातल्या गोळीबारात मेला तो पालघर जिल्ह्याचा. मार्च २०२४ मध्ये कराचीच्या तुरुंगात वारला तो डहाणू तालुक्याचा. त्याचा मृतदेह गावी यायला साधारण दीड महिना लागला.

२००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. २०२५ च्या मे महिन्यात तोफा धडाडल्या, तरी जुलैची यादी चुकली नाही: त्यांच्याकडे आपले १९३ मच्छीमार, आपल्याकडे त्यांचे ८१. या यादीत आणखी एक रकाना घाला. बोट कोणत्या तारखेला, कोणत्या अक्षांश-रेखांशावर धरली. आपल्याकडे असलेल्या त्यांच्या मच्छीमारांना कुठे धरले ती जागा आपण आधी कळवावी, म्हणजे त्यांच्याकडून मागायला तोंड राहील. १२ मैलांबाहेर धरलेल्यांना ७३ व्या कलमाप्रमाणे सोडा आणि सोडवा, बोटींसह. वादातल्या पाण्यासाठी ७४ वे कलम तात्पुरती, व्यवहारी व्यवस्था करायला सांगतेच. तिथे सापडलेल्या बोटीला अडवून परत पाठवावे, एवढे तरी दोघांत ठरू शकते.

आणि पाकिस्तान ऐकत नसेल, तर हॅम्बुर्गला सागरी न्यायाधिकरण आहे. धरलेली बोट सोडवण्याचाच अर्ज, ‘सायगा’ नावाच्या जहाजाचा, १९९७ मध्ये त्याच्यापुढे आलेला पहिला खटला होता. ती वाट आपल्या खात्याला नवी नाही. २०१५ मध्ये इटलीने स्वतःच्या दोन नौसैनिकांसाठी भारताला तिथे नेले होते.

जागेचा हा रकाना येत्या यादीत येईल का, एवढे कळवावे. मला इथे वाचून दाखवायचे आहे.

आपला,
डहाणूचा एक निवृत्त शिक्षक