पगार खाते बदलताना

संपादक महोदय,

नोकरी बदलली की जुने पगार खाते तसेच पडून राहते. पगार जमा होणे थांबल्यावर काही महिन्यांत बँक त्याचे साधे बचत खाते करते आणि अनेक बँकांत किमान शिलकीची अट लागू होते. दंड कापला जातो तो तिथून.

अट महिन्याच्या सरासरीची आहे की रोजच्या शिलकीची, हे आधी विचारून घ्यावे. सरासरी १०,००० हवी असेल, तर ३० दिवसांच्या महिन्यात रोजच्या अखेरच्या शिलकांची बेरीज ३ लाख भरली पाहिजे. म्हणजे १ लाख तीनच दिवस ठेवले तरी अट पूर्ण होते. रोजची अट असेल तर नाही.

खाते बंद करायचे असल्यास घाई नको. मागच्या १२ महिन्यांचा खातेउतारा काढून आपोआप कापले जाणारे हप्ते शोधावेत. तीनच महिन्यांचा पाहिला तर वर्षातून एकदाच जाणारा विम्याचा हप्ता सुटू शकतो, आणि पॉलिसी खंडित होण्याची वेळ येते! सगळे हप्ते नव्या खात्यावर वळवून जुन्यात दोनेक महिने पुरेशी रक्कम राहू द्यावी. उतारे आधीच उतरवून घ्यावेत, कारण खाते बंद होताच नेट बँकिंगही बंद होते. मग लेखी अर्ज, उरलेले चेक परत, आणि खाते बंद झाल्याचे पत्र.

नव्या खात्यावर वारसाचे नामांकन त्याच दिवशी करावे. जुने नामांकन आपोआप येत नाही.

आपला,
एक वाचक