अख्खं मिनिट मोजणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

आजोबांना वर आमच्या आयसीयूत पाठवताना सोबत आलेला टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींचा तक्ता) अजून आमच्या टेबलावर आहे. श्वासाच्या रकान्यात सकाळी सहाला २०, दहाला २०, दुपारी दोनला २०, संध्याकाळी २०, रात्री दहाला २०. जणू आजोबा घड्याळ लावूनच श्वास घेत होते! आणि मग रात्री दोनला, तुमच्या अक्षरात, २८. हे पत्र त्या एका आकड्यासाठी आहे.

सोबतीला थांबलेल्या सूनबाई सांगत होत्या, तुम्ही नाडी बघतो तसं मनगट धरून उभ्या होतात आणि नजर मात्र छातीवर. बरोबरच आहे, कोणी श्वास मोजतंय हे कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घ्यायला लागतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चारची होते. तुम्ही अख्खं मिनिट दिलंत. चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री दोन वाजता ते कुठून काढलंत, तुम्हालाच ठाऊक.

आजोबांना ताप नव्हता, म्हणून आधीच्या पाळ्या निर्धास्त. उतारवयात सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयवच बिघडायला लागतात तेव्हा, ताप येईलच असं नाही, कधी अंग उलट गार पडतं. बीपी ११०/७०, शेरा ‘ठीक’. ज्याचं एरवी १५० असतं त्याला ११० ठीक कसं? ‘बडबडतात, वय झालंय’ असंही लिहून ठेवलंय. त्या दिवशी दुपारपर्यंत नातवाचा अभ्यास घेणारा माणूस संध्याकाळी वयस्कर होत नाही हो. युरोबॅगेत, म्हणजे लघवीच्या पिशवीत, सहा तासांत जेमतेम १०० मिली. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० हवी. ती बॅगही खाटेच्या कठड्यावर, मूत्राशयाच्या वर टांगलेली, म्हणजे नळीतली लघवी जंतूंसकट परत आत. आणि कॅथेटर, म्हणजे ती लघवीची नळी, आठव्या दिवशीही कशासाठी होता, हे कोणी विचारलेलं दिसत नाही.

सेप्सिसमध्ये रक्तात आम्ल वाढलं की शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून तोल सावरू बघतं, त्यामुळे बीपी कोसळायच्या आधी श्वास वाढतो. न्यूज-२ मध्ये, म्हणजे पेशंट बिघडतोय हे वेळीच ओळखायच्या गुणतक्त्यात, श्वास २५ किंवा वर गेला की त्या एकाचेच तीन गुण पडतात, ते याचसाठी. पण मोजला तर पडणार ना!

फोनवर तुम्ही ‘पेशंट बरा वाटत नाही’ एवढंच म्हणाला नाहीत. श्वास २८, लघवी १००, दुपारपासून बरळतात, कॅथेटर आठ दिवसांचा, असं एका दमात सांगितलंत. डॉक्टर खाटेपाशी पोचेपर्यंत कल्चरच्या (रक्तातले जंतू तपासायच्या) बाटल्या ट्रेमध्ये तयार होत्या. दोन वेगळ्या जागांहून रक्त, बाटलीत ८ ते १० मिली, आणि लगेच अँटिबायोटिक, तासाच्या आत. रक्तातलं लॅक्टेट, जे शरीर संकटात असलं की वाढतं, ते ४.१ होतं, सकाळी १.८ वर आलं. कॅथेटर काढला, सलाईन दिलं, बाकी आमचं नेहमीचंच. नॉरअ‍ॅड, म्हणजे बीपी टिकवायचं औषध, लावावं लागलं नाही.

न मोजता आकडा लिहायचा नाही, एवढा साधा सरळपणा. कोणी बघत नसताना तो पाळणारी माणसं आहेत, म्हणून आम्हाला वर काही करता येतं.

आजोबा परवा खाली तुमच्याच वॉर्डात परतले. कालचा चार्ट बघितला. सकाळी १९, दुपारी २१, रात्री १७. तीन पाळ्या, तीन अक्षरं.

तुमचे,
आयसीयूतले आम्ही सगळे