हेडफोन बदलण्याआधी माइक बदलून पाहा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

‘गाणी झकास वाजतात, पण मीटिंग सुरू झाली की ब्लूटूथ हेडफोनचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो’ ही संगणक दुरुस्तीच्या दुकानांतली रोजची तक्रार आहे. त्यावर अनेकदा गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवा हेडफोन मारला जातो आणि त्यावरही तेच रडगाणे सुरू राहते. कारण दोष हेडफोनमध्ये नसतोच.

ब्लूटूथवर आवाज जायच्या दोन वाटा आहेत. गाण्यांसाठीची वाट, ए-टू-डीपी, एकतर्फी असते. तिच्यावर आवाज स्टिरिओ येतो आणि एसबीसी या आवाज आवळून पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिटपर्यंत माहिती जाते. बोलण्यासाठीची वाट, एचएफपी, दुतर्फी असते. पण आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, होतो आणि त्याचे नमुने सहसा सेकंदाला ८ हजार किंवा १६ हजार घेतले जातात; नमुने कमी तितका आवाज बोथट. सीडीवर हाच आकडा ४४,१०० असतो. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये एका हेडफोनला या दोन्ही वाटा एकदम वापरता येत नाहीत. कोणत्याही प्रोग्रॅमने हेडफोनचा माइक मागितला की गाण्याची वाट बंद. मीटिंग संपवली पण ब्राउझरचा टॅब उघडाच राहिला, तरी हे होते. विंडोजमध्ये घड्याळाजवळ माइकचे छोटे चिन्ह दिसत असेल तर त्यावर माउस न्या. माइक कोणी धरून ठेवला आहे त्याचे नाव दिसते.

उपाय फुकटचा आहे. मीटिंगच्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. विंडोज १० मध्ये एकच हेडफोन ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशा दोन नावांनी दिसतो, त्यातला स्टिरिओ घ्यायचा. विंडोज ११ ने ही दोन नावे एक केली. दिसायला सुटसुटीत झाले, पण काय चालले आहे ते कळेनासे झाले. हेडफोनचा माइक कधीच लागणार नसेल तर विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनलमधल्या ‘डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स’मध्ये हेडफोनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग सर्व्हिसेस उघडा आणि ‘हँड्स-फ्री टेलिफोनी’ची खूण काढा. डेस्कटॉपला माइकच नसेल, तर मागच्या गुलाबी खाचेत साधा वायरचा कॉलर माइक लावला तरी भागते.

आवाज तुटत असेल तर मात्र प्रकरण वेगळे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि तिथे आधीच वाय-फायची गर्दी असते. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचे नाव दिसत असेल तर संगणक त्यावर टाकावा. दुसरा गुन्हेगार सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: यूएसबी ३, म्हणजे सहसा निळ्या रंगाचे जलद पोर्ट. या पोर्टमधून आणि त्याच्या केबलमधून नेमक्या याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच सविस्तर मांडले होते. ब्लूटूथ डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा ब्लूटूथ) कॅबिनेटच्या मागे, निळ्या पोर्टमध्ये आणि शेजारीच एक्स्टर्नल हार्ड डिस्क, ही सर्वांत वाईट जागा. वर मध्ये कॅबिनेटचा पत्राही आडवा येतो. गाणे लावा आणि डिस्कवर एखादी मोठी फाइल कॉपी करा. तेवढ्यापुरताच आवाज तुटला तर चोर सापडला. यूएसबी २ ची मीटरभर एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर आणून ठेवा.

असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये आणखी दोन गोष्टी राहून जातात. मदरबोर्डला वाय-फाय असेल तर सोबत अँटेना येतात. त्या खोक्यातच पडून राहतात आणि मग ब्लूटूथ हातभर अंतरावर दम तोडते. वाय-फायचे कार्ड वेगळे बसवले असेल तर त्याच्यासोबत एक बारीक केबल येते. ती मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरला जोडावी लागते, कारण अशा कार्डावरचे ब्लूटूथ यूएसबीनेच बोलते. केबल विसरली की वाय-फाय उत्तम चालते आणि ब्लूटूथचा पत्ताच नसतो.

काल चालणारे ब्लूटूथ आज सेटिंग्जमधून गायब झाले असेल, तर ‘ड्रायव्हर (म्हणजे ब्लूटूथ चालवणारा प्रोग्रॅम) शोधून देतो’ म्हणणारी फुकट ॲप्स घेऊ नका. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. नुसत्या शट डाउनने फास्ट स्टार्टअप या लवकर सुरू होण्याच्या सोयीमुळे विंडोज पुरते बंद होत नाही. डेस्कटॉपची वायर भिंतीतून काढून पॉवरचे बटण १०-१५ सेकंद दाबून धरा. तरीही नाहीच दिसले, तर लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्या.

डब्यातल्या आवाजाच्या पहिल्या तक्रारीवर नवा मार्ग निघाला आहे तो एलई ऑडिओचा, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याच्या नव्या पद्धतीचा. विंडोज ११ मध्ये २२एच२ आवृत्तीपासून त्याची सोय आहे. पण संगणकाचे ब्लूटूथ, त्याचा ड्रायव्हर आणि हेडफोन या तिघांनाही ते यावे लागते. खोक्यावर ‘ब्लूटूथ ५.३’ छापले म्हणजे एलई ऑडिओ असतोच असे नाही, आणि नेमकी हीच गोष्ट खोक्यावर सापडत नाही. बॅटरीचे तास ठळक छापणाऱ्या कंपन्यांनी माइक चालू असतानाचा आवाज मोनो की स्टिरिओ, एवढी एक ओळ छापावी. ती छापेपर्यंत गिऱ्हाइकाने दुकानात आपला लॅपटॉप न्यावा, हेडफोन जोडून गाणे लावावे, आणि हेडफोनचाच माइक निवडून साउंड रेकॉर्डर सुरू करावा. त्या क्षणी गाणे जसे ऐकू येईल, तसाच मीटिंगमध्ये समोरच्याचा आवाज येणार आहे.

– एक संगणक दुरुस्ती तंत्रज्ञ, नाशिक